नवतनूबाबाची कात

रविवारची दुपार. सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या, मधल्या वाटेत माणसं मांडी घालून बसली होती, आणि ज्यांना तेवढीही जागा मिळाली नव्हती ती खिडक्यांचे गज धरून आत डोकावत होती. कुणाच्या हाताला पट्टी, कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या मांडीवर मलूल पडलेलं मूल. सगळ्यांच्या नजरा रंगमंचावरच्या वेताच्या टोपलीवर खिळल्या होत्या.

टोपलीमागे नवतनूबाबा उभे होते. पांढरा झगा, तेल लावून चापून बसवलेले केस आणि आवाज असा, की कानात मध ओतावा.

"तुम्ही घर बदलता. गाडी बदलता. जुना फोन भावाला देऊन नवा घेता." लोक हसले. "मग हे जुनं, दुखरं शरीर तेवढं का सांभाळत बसता?"

बाबांनी टोपलीत हात घातला आणि दंडाएवढा जाड, तपकिरी ठिपक्यांचा साप वर काढला. सभागृह एका श्वासात मागे सरकलं.

"वय तीनशे वर्षं! याला बीपी आहे? याला शुगर आहे? चष्मा लागलाय याला?"

"नाही!" लोक ओरडले.

"का नाही? कारण हा जुनं टाकतो. आणि तुम्ही काय करता? गोळ्या गिळता! गोळी म्हणजे रोगाला घातलेला खाऊ. खाऊ मिळत असताना पाहुणा घर सोडेल का?"

मग बाबांनी चांदीच्या घंगाळात फडकं बुडवलं. त्या पाण्याला ते 'कायाजल' म्हणत. ओलं फडकं सापाच्या डोक्यावरून शेपटीकडे हलकेच फिरू लागलं. बाबा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. आणि खरोखरच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सापाच्या ओठांपाशी पांढरट पापुद्रा सुटला, उलटा होत मागे सरकला आणि बघता बघता अख्खी कात बाबांच्या हातात आली! खालून निघाला तो झळझळीत, नवाकोरा साप.

लोक रडायला लागले. काही उभे राहून हात जोडू लागले. कातीचे तुकडे वाटले गेले. रंगमंचाशेजारी एक निळं पिंप ठेवलं होतं, त्यावर लिहिलं होतं, 'औषधमुक्ती'. लोक रांगेने जाऊन त्यात गोळ्यांची पाकिटं, सिरपच्या बाटल्या, इंजेक्शनच्या पेट्या टाकत होते. प्रत्येक बाटली आत आपटली की टाळ्या पडत.

शेवटच्या रांगेत बसलेली एक बाई मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती जनावरांची डॉक्टर होती. गल्लीत सगळे तिला डॉक्टरीण म्हणत. ती बाबांकडे बघतही नव्हती, सापाकडे बघत होती. त्याच्या डाव्या डोळ्याच्या कडेला जखम होती. शेपटीच्या टोकाला जुन्या कातीची कडी आवळून बसली होती आणि त्यापुढचं टोक काळं पडलं होतं. साप तीनशे वर्षांचा तर नव्हताच, पण आणखी तीन वर्षं तरी जगेल की नाही, याचीच तिला शंका वाटली.

एक गोष्ट मात्र तिला उमगत नव्हती. साप कात टाकतो ती त्याच्या अंगाच्या वेळापत्रकाने. मग हा माणूस दर रविवारी, लोक जमल्यावर, ती नेमकी कशी टाकायला लावतो?

तिला ते उमगायलाच हवं होतं. त्यामागे तिची ताई होती.

ताई शिवणकाम करायची. लग्नाचे कपडे, शाळेचे गणवेश, नाटकवाल्यांचे झगे. अंगावर कापड टाकून ती नुसत्या नजरेने माप घ्यायची, टेप नंतर लावायची, आणि माप सहसा चुकायचं नाही. तिला काचबिंदू होता. डोळ्यांतला दाब वाढायचा, त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे. वर्षानुवर्षं ती ते घालत होती आणि तिची नजर टिकून होती.

मग एका गिऱ्हाइकाने तिला इथे आणलं. बाबांनी तिला रंगमंचावर बोलावलं, सापाचं तोंड तिच्यासमोर धरलं आणि म्हणाले, "बघ माय, परवापर्यंत याच्या डोळ्यांवर दुधाळ पडदा होता. आज काचेसारखे लख्ख आहेत! तुझ्याही डोळ्यावरचा पडदा असाच गळेल. फक्त ते थेंब सोड." ताईने बाटली पिंपात टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी तिने कुणाला काही सांगितलं नाही.

काचबिंदू दुखत नाही. तो कडेकडेने नजर खात आत येतो. ताई दाराच्या चौकटीवर आपटायला लागली, तेव्हा डॉक्टरीण तिला ओढत डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, आतली नस मेली आहे, ती परत येत नसते. आता ताईला फक्त उजेड-अंधार कळत होता. शिलाई मशीन चादरीखाली झाकलेलं होतं.

"ओरडली का नाहीस तिथेच? पोलिसांत जा," त्या रविवारी रात्री डॉक्टरिणीचा नवरा तिला म्हणाला.

"जाईन ना. पण आधी मला त्याची फजिती बघायची आहे," ती म्हणाली. "भर सभेत. ताईच्या कानांदेखत."

नवऱ्याने बायकोला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

*

आणि पुढच्याच आठवड्यात बाबाच तिच्या दारात आला. म्हणजे स्वतः नव्हे, त्याचा मेहुणा आला.

दवाखान्यात एक मांजर आणि दोन कुत्री वाट बघत होती. त्यांच्यामागे तो उशीच्या अभ्र्याला गाठ मारून, छातीशी धरून अवघडून बसला होता. टोपली उचलून रंगमंचावर आणणारा हाच माणूस, हे तिने पाहताक्षणी ओळखलं. त्याने तिला ओळखलं नाही. शेवटच्या रांगेतल्या बाईकडे कोण बघतं?

"पुतण्याचा साप आहे," तो म्हणाला. "हौस हो पोरांची. खातच नाही काही दिवस झाले."

तिने गाठ सोडली. साप पाळीव जातीचा, बिनविषारी, हाताला सरावलेला अजगर होता. पण अंग कागदासारखं खरखरीत लागत होतं. जुन्या कातीचे थर एकावर एक चिकटले होते. दोन्ही डोळे चुरगळलेल्या प्लास्टिकसारखे दिसत होते.

"डोळ्यांना कुणी चिमटा लावलाय?"

मेहुणा चपापला. "ते... पडदा राहिला होता. ओढून काढला."

"सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवलं असतं, ते कातीबरोबर आपसूक निघतं. राहिलं तर ओलावा द्यायचा, वाट बघायची. तुम्ही ओढायला गेलात तर डोळाच फाटतो. हा उजव्या डोळ्याने आंधळा झालाय."

तिचा आवाज शांत होता. तिने पसरट टबात कोमट पाणी घेतलं, अगदी उथळ, सापाची पाठ जेमतेम भिजेल इतकं, आणि त्याला त्यात ठेवून झाकण लावलं. बऱ्याच वेळाने त्याला ओल्या टॉवेलच्या घडीत सोडलं.

"आता घासायचं ना?" मेहुण्याने विचारलं.

"आपण नाही. त्याचा तो सरपटेल. जेवढं सुटायचं तेवढं टॉवेलला अडकून सुटेल, उरलेलं उद्या."

साप टॉवेलमधून संथपणे पुढे सरकला. घडीत मागे राखाडी पापुद्र्यांचा चुरा राहिला. मेहुणा एकदम पुढे झाला. "अहो, सगळी नका काढू! रविवारी लागते ती!"

तो बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं.

डॉक्टरिणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रविवारी *लागते*. म्हणजे कात आधीच तयार असते. तयार असूनही निघू दिलेली नसते!

"असे आणखी किती आहेत?" तिने सहज विचारावं तसं विचारलं.

मेहुण्याने मान खाली घातली. "बरेच आहेत. डॉक्टर, कुणाला बोलू नका. एखादा साप मेला तर तो बाबा माझा जीव घेईल."

"मग मला बघू द्या सगळे."

*

बाबांच्या केंद्राच्या मागे एक बंद खोली होती. दार उघडताच तोंडावर भट्टीसारखा गरम झोत आला. कोपऱ्यात हीटर धगधगत होता. भिंतीला लावलेल्या मांडणीवर प्लास्टिकचे खोके, प्रत्येक खोक्यावर बल्ब, आत वर्तमानपत्राचा कागद आणि एकेक साप. सगळे एकाच जातीचे, एकाच रंगाचे, जणू एका साच्यातून काढलेले. तीनशे वर्षांचा महात्मा इथे डझनाने मिळत होता.

"पाण्याची भांडी कुठायत?"

"पाणी नाही ठेवायचं. हुकूम आहे. पाणी मिळालं की हे आपले आपण कात टाकून मोकळे होतात ना! मग रविवारी काय दाखवणार?"

झालं. एवढंच होतं ते रहस्य. सापाचे डोळे दुधाळ झाले की कात जवळ आली, हे मेहुणा ओळखायचा. डोळे निवळले की साप तयार. मग त्याला असं सुकवून ठेवायचं, की कात अंगाला चिकटून राहावी. रविवारी रंगमंचावर कोमट पाण्याचं फडकं फिरवलं, की ती भसकन सुटायची. पाकिटावरचं तिकीट ओलं केल्यावर सुटतं, तसंच. ज्यांची नीट सुटायची नाही ते साप मागे पडायचे, थरावर थर चढवत, शेपटीची टोकं आणि डोळे गमावत.

हीटर उचलून बाबाच्या झग्यावर फेकावा असं तिला वाटलं. पण लगेच तिला काहीतरी सुचलं आणि ती मनातल्या मनात हसली. कुणाला पाहून बरं वाटावं असं ते हसू नव्हतं.

"हे बघा," ती मेहुण्याला म्हणाली, "असेच ठेवलेत तर यातले निम्मे मरतील. हीटर बंद करा. प्रत्येक खोक्यात पसरट भांड्यात पाणी ठेवा, साप आत बसू शकेल एवढं. झाकणाच्या डब्याला भोक पाडा, आत ओलसर शेवाळ घाला. एक खडबडीत दगड ठेवा, नाक घासायला. आणि कुणालाही हात लावायचा नाही. मी रोज येईन."

"पण कात?"

"कातीची जबाबदारी माझी."

हे ती खरंच बोलली. फक्त मेहुण्याला त्याचा अर्थ वेगळा लागला, आणि तिने तो लागू दिला.

त्या आठवड्यात ती रोज गेली. शेवाळ पिळून ओलं केलं, बुरशी धरू नये म्हणून बदललं, जखमी डोळ्यांत मलम घातलं. साप त्या ओल्या डब्यांत असे शिरले, की जणू वाळवंटातून घरी आले होते. तिने नवं काही केलं नाही. प्रत्येक डॉक्टरने जे करायला हवं तेच केलं, आणि बदला घेण्याची इतकी सभ्य रीत आपल्याला सापडली म्हणून ती घरी जाताना रिक्षात एकटीच पुटपुटायची, "थांब. थांब तू आता."

रविवारी सकाळी ती पोहोचली तेव्हा मेहुणा भिंतीला टेकून बसला होता, पांढराफटक. ज्यांची कात अडकली होती ते सगळे साप मोकळे झाले होते. खोक्यांमध्ये उलट्या काढलेल्या मोज्यांसारख्या काती पडल्या होत्या, डोळ्यांच्या गोल काचांसकट, शेपटीच्या टोकापर्यंत अखंड.

"एकही शिल्लक नाही," तो म्हणाला. "तुम्ही मला फसवलंत."

"हो," ती म्हणाली. "जा, सांगा त्याला. आजचा कार्यक्रम रद्द करेल. तुम्हाला चार शिव्या देईल आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हीटर लावेल."

मेहुण्याने एक खोका उघडला. "माझ्या बहिणीला पोटात गाठ झाली होती," तो अचानक म्हणाला. "त्याची बायको ती. त्याने तिला दूरच्या गावी नेऊन गुपचूप ऑपरेशन करून आणलं. आणि त्याच रविवारी, स्टेजवर, एका बाईला ऑपरेशन नको म्हणाला. मी टोपली धरून उभा होतो."

त्याने एक झळझळीत साप उचलून टोपलीत ठेवला आणि झाकण लावलं. "विचारलं तर सांगेन, तयार आहे. खोटं कुठाय? साप तयारच आहे."

डॉक्टरिणीने काती पिशवीत भरल्या आणि ताईला आणायला गेली.

*

या खेपेला त्या दोघी पहिल्या रांगेत बसल्या. प्राणी-रक्षण संस्थेची दोन माणसं आणि साध्या कपड्यांतला एक पोलीस मागे दाराशी उभे होते. त्यांना तिने आदल्या दिवशीच मागच्या खोलीचे फोटो दाखवले होते.

बाबांनी घराचं, गाडीचं, फोनचं म्हणून घेतलं. लोक ठरल्या जागी हसले. फडकं बुडालं, डोळे मिटले, पुटपुट सुरू झाली.

फडकं डोक्यावरून शेपटीकडे गेलं. काही झालं नाही. पुन्हा गेलं. साप कोमट पाण्याने सुखावल्यासारखा बाबांच्या मनगटाला विळखा घालून निवांत बसला. बाबांनी एक डोळा किलकिला केला. मग जोराने घासलं. मग नखाने ओठाशी खरवडून पाहिलं.

"काय चाललंय?" ताईने कुजबुजत विचारलं.

"साप पुसतोय."

"आज वातावरणात बाधा आहे," बाबांचा मध जरा पातळ झाला होता. "या सभागृहात कुणीतरी अविश्वासी बसलं आहे!"

"मी बसलेय," डॉक्टरीण उठली. "वर येऊ का?"

कुणी अडवायच्या आत ती ताईचा हात धरून पायऱ्या चढली होती. तिने पिशवी उघडली आणि एकामागून एक काती लोकांसमोर धरल्या. पाचवी कात निघाली तेव्हा सभागृहात कुजबुज माजली.

"तीनशे वर्षांचा एकच साप ना? मग आज सकाळी एवढ्या काती कुणी टाकल्या? मागच्या खोलीत असे बारा साप आहेत. त्यांना तहानलेलं ठेवून, हीटरवर सुकवून यांची कात अंगावर अडकवून ठेवली जाते. इथे फडक्याने ओली केली की निघते. कायाजल म्हणजे नळाचं कोमट पाणी. या आठवड्यात मी सापांना पाणी दिलं, ओलावा दिला, तर त्यांनी आपली कात आपण टाकली, कुणाच्या आशीर्वादावाचून. म्हणून आज बाबांच्या हाताला काही लागत नाही."

"खोटं! हिला औषध कंपन्यांनी पाठवलंय!" बाबा ओरडले. "मेहुणे! सांगा यांना!"

मेहुणा पुढे आला. टोपली त्याने खाली ठेवली.

"त्या खरं बोलतायत," तो म्हणाला. "साप मीच सुकवायचो. आणि माझ्या बहिणीचं ऑपरेशन यांनीच करून आणलंय. टाक्यांच्या गोळ्या अजून यांच्या कपाटात आहेत."

मग सगळंच उसळलं. खुर्च्या आपटल्या, माणसं रंगमंचाकडे धावली, कुणीतरी बाबांचा झगा धरला. "माझा बाप मेला रे!" एक माणूस ओरडत होता. "तुझं ऐकून मेला!" बाबा घंगाळाला अडखळून पडले, पाण्याने निथळले, आणि तेलकट केस कपाळावर चिकटले. डॉक्टरीण बघत राहिली. तिला तो माणूस तिथेच तुडवला गेलेला हवा होता. तिने पोलिसाला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आणखी थोडं, असं तिला वाटलं. आणखी थोडं.

ताईला मात्र त्या माणसाचा बापासाठीचा टाहो ऐकू आला होता. ती चाचपडत माइकपाशी गेली.

"त्याला सोडा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण माइक चालू होता. "तुम्ही त्याला मारलंत तर उद्या तो हुतात्मा होईल. मला त्याला कोर्टात उभा असलेला ऐकायचाय. वर्षानुवर्षं. दर तारखेला येऊन बसेन मी."

लोक थबकले. तेवढ्यात पोलीस पुढे आला आणि त्याने बाबाला दंडाला धरून उठवलं.

"मी कपडे शिवायचे," ताई पुढे म्हणाली. "याने सांगितलं म्हणून डोळ्यांचे थेंब सोडले. सापाच्या डोळ्यावरचं खवलं बदलतं, माझ्या डोळ्यातली नस बदलत नाही. मी अडाणी नव्हते हो. मला फक्त बरं व्हायची घाई होती. तुम्हालाही तीच असेल, त्यात लाज नाही. पण कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला एवढंच म्हणा, मागची खोली उघडून दाखवा. आणि नाही म्हणाला, तर उठा आणि घरी जा. आणि औषध ज्याने दिलंय त्याला विचारल्याशिवाय सोडू नका."

तिने माइक सोडला. ती थकून रंगमंचाच्या कडेला बसली.

बाबाला बाहेर नेलं. संस्थेची माणसं मागच्या खोलीकडे गेली, मेहुणा त्यांना वाट दाखवत पुढे. लोक जातील असं डॉक्टरिणीला वाटलं होतं, पण ते जात नव्हते. एक तरुण आई लेकराला कडेवर घेऊन तिच्याकडे आली.

"याला फिट्स येतात. मी गोळ्या बंद केल्यात. आता काय करू?"

"मी जनावरांची डॉक्टर आहे, बाई. तुमच्या डॉक्टरांना फोन करा."

"ते ओरडतील."

"ओरडू देत. आत्ता करा. माझ्यासमोर."

त्या बाईने फोन लावला. शेजारच्या म्हाताऱ्याने ऐकलं आणि खिशातून फोन काढला. मग त्याच्या पलीकडच्याने. कुणाला नंबर आठवत नव्हता, कुणी मुलाला फोन करून विचारत होतं, कुणी रडत रडत गोळ्यांची नावं सांगत होतं. थोड्याच वेळात सगळं सभागृह बोलण्याच्या आवाजाने भरून गेलं.

डॉक्टरीण येऊन ताईशेजारी बसली. तिच्या अंगातला राग गेला नव्हता. तो जाईल असंही तिला वाटत नव्हतं.

"चल, निघू या?" तिने विचारलं.

"थांब गं," ताई म्हणाली. "ते मागे कोपऱ्यात कुणीतरी विचारतंय, फोन कुणाकडे आहे. त्यांना आपला देऊन ये."